लिंबाजीअप्पांची कंपनी

तुम्ही विकत आणलेल्या कॅसेटीनं तुम्हाला कधी नावानं हाक मारली आहे का? खरं सांगा. नसेलच मारली. बाजारातल्या कॅसेटीला तुमच्याशी काही देणंघेणं नसतं. ती तुम्हाला जे ऐकवते तेच तुमच्या वैऱ्यालाही ऐकवते. आमच्या संतपूरच्या लिंबाजीअप्पांची कॅसेट तसली नाही. ती सुरूच अशी होते: "ऐका हो प्रयागबाई, म्हशीपाशी बसला असाल तर बसल्या जागी ऐका!"

कारण अप्पा कॅसेटीची नक्कल काढत नाहीत. दहा गिऱ्हाइकं आली तर अप्पा दहा वेळा गातात. पुढ्यात पेटी, पायात चाळ, आणि टेपरेकॉर्डरचं लाल बटण दाबण्याआधी एकच सवाल: "हे कुणासाठी?" मग नाव, गाव, घरात कोण कोण, यंदा तूर कशी आली, सुनेचं माहेर कुठलं, सगळं विचारून घेतात आणि कडव्यांत बसवतात. गाणं जयंतीचं असो, लग्नाचं असो की बारशाचं, गिऱ्हाईक त्यात असतंच.

मी एकदा म्हटलं, "अप्पा, बिदरला मशीन मिळतं. एका कॅसेटीच्या दोन होतात."

अप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कामून? एकाच्या ताटातलं उष्टं दुसऱ्याला वाढू व्हय?"

अप्पांचं दोन खोल्यांचं घर हीच कंपनी. गायक तेच, वादक तेच, कॅसेटीवर हिरव्या शाईनं नाव लिहिणारे तेच आणि ती सायकलवरून पोचवणारेही तेच. "मीच कंपनी हाय," असं ते सगळ्यांना सांगतात. "आमच्या कंपनीत मालकानं कामगाराला शिवी दिली तर मालकालाच लागतीय." मी चळवळीची पत्रकं काढणारा माणूस; पण इतकी न्यायाची व्यवस्था माझ्या पत्रकांत अजून यायचीच असते.

कोरसला माणसं नाहीत. अप्पा एक ओळ गातात, टुणकन उठतात, कोपऱ्यातल्या रिकाम्या रांजणात तोंड घालतात आणि तीच ओळ पुन्हा म्हणतात. पंधरा माणसं गातायत असं वाटतं. रांजणापासून पेटीपर्यंत परत धावताना चाळ वाजतात, तोच ठेका. एकदा त्या रांजणात मांजर व्यालं होतं आणि अप्पांना पत्ता नव्हता. त्या कॅसेटीत कोरस जरा वरच्या पट्टीत आहे.

खरा वैरी म्हणजे शेजारची शरणप्पांची पिठाची गिरणी. वीज असली की गिरणी चालू, म्हणजे रेकॉर्डिंग बंद. गिरणी बंद असली तर वीजच नसते, म्हणजे टेपही बंद. मग अप्पा दारातून हाळी देतात, "शरणप्पाण्णा, एक गाणं हाय हो! पट्टा काढा!" शरणप्पा कानडीत अप्पांचा उद्धार करतात आणि पट्टा काढतात. दळणाला आलेल्या बाया डबे घेऊन अप्पांच्या ओट्यावर येऊन बसतात. त्यांच्या टाळ्या कॅसेटीत येतात. कोंबडीही येते.

"कोंबडीचं काय करायचं, अप्पा?"

"ऱ्हाऊ दे. गिऱ्हाइकाला कळतंय की खरंच घरी बसून गायलाय."

या कंपनीच्या हातून एकच चूक झाली, पण ती दणदणीत. एकाच दिवशी दोन कॅसेटी द्यायच्या होत्या: एक गणपतराव हेडमास्तरांच्या निरोप समारंभाला, एक पाटलांच्या लग्नाला. सायकलवर त्यांची अदलाबदल झाली. वरातीत नवरदेव घोड्यावर चढला आणि कर्ण्यातून आवाज आला, "थकला जीव, आता घरी बसा, लई सेवा केलीत!" इकडे शाळेत तालुक्याचे साहेब बसलेले असताना सुरू झालं, "हळदीचं अंग, नवरा झालाय दंग." अप्पा सायकल हाणत शाळेत पोचले तेव्हा हेडमास्तर डोळे मिटून ठेका धरत होते. ती कॅसेट त्यांनी आजतागायत परत केलेली नाही.

आता हे सगळं हसण्यावारी नेऊ नका. अप्पांचे वडील गावानं बोलावलं की हलगी घेऊन जात. ऊन असो, ताप असो, जावंच लागे. समाजानं धम्म घेतला त्या वर्षी त्यांनी हलगी खाली ठेवली, ती कायमची. अप्पांनी पेटी घेतली ती स्वतःच्या मर्जीनं. "बाप गावाच्या दारात उभा ऱ्हायला. आता गाव माझ्या दारात यायलाय," असं म्हणताना अप्पांची मान अशी ताठ होते की मला तिथल्या तिथं पत्रक लिहावंसं वाटतं.

म्हणून पुण्याची एक कॅसेट कंपनी जीपमधून अप्पांच्या दारात उतरली तेव्हा माझं डोकं तापलं. सफारी घातलेले एक साहेब होते. त्यांनी गाणं ऐकलं, रांजण पाहिला, आणि चार पानांचा इंग्रजी करार ओट्यावर ठेवला. "आठवड्यानं येतो. विचार करून ठेवा."

करार मी वाचून दाखवला. सगळी गाणी कंपनीची होणार. गायकाचं नाव कंपनी ठरवणार. चाली सिनेमाच्या. आणि पुढची सात वर्षं कंपनीच्या परवानगीशिवाय गायकानं कुठंही रेकॉर्डिंग करायचं नाही.

"अप्पा, प्रयागबाईंचं नाव घ्यायला सात वर्षं पुण्याला अर्ज करावे लागतील!"

"व्हय की," अप्पा म्हणाले, आणि पेटीचा भाता उगाच वरखाली करत बसले.

मी चकित झालो. मला वाटलं होतं, अप्पा कागद चुलीत घालतील. पण सकाळी ते म्हणायचे, "करावं म्हनायलो," आणि संध्याकाळी म्हणायचे, "नक्को." चार दिवस हेच चाललं. शेवटी शेवंताबाई, म्हणजे अप्पांची बायको, कावल्या. "सही करायलाव का लोणचं घालायलाव? किती मुरू द्याचं?"

मी रोज जाऊन समजावत होतो. गळा हे श्रमिकाचं हत्यार आहे, ते भांडवलाच्या हवाली करू नका, वगैरे. अप्पा ऐकून घेत आणि म्हणत, "पत्रकवाल्या, पानी पी जरा."

एकदाच त्यांनी उलट विचारलं, "त्या कंपनीच्या कॅसेटी पुण्यात हाटेलात वाजतेत का रे?"

"सगळ्या हॉटेलांत वाजतात. म्हणून तर धोका!"

"हं," अप्पा म्हणाले.

आठवड्यानं साहेब आले. आत तासभर बसले. बाहेर मी आणि आमच्या चळवळीतली चार पोरं घोषणांची तयारी करून उभे. साहेब तडक बाहेर आले, जीपमध्ये बसले, धुरळा उडाला. दारात येऊन अप्पा म्हणाले, "जमलं न्हाई."

बस्स! आम्ही त्यांना खांद्यावर घेतलं. मी बिदरला जाऊन पत्रक काढलं: "गळा विकला नाही!" बसस्टँडवर सभा घेतली. अप्पांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि पाऊण तास बोललो. शरणप्पांनी त्या दिवशी न सांगता पट्टा काढला. अप्पा हार सावरत हसत होते आणि मी काहीही म्हटलं की "व्हय, व्हय" म्हणत होते.

चार दिवसांनी तो करार पत्रकात जसाच्या तसा छापावा, म्हणून मी मागायला गेलो. अप्पांनी पेटीखालून काढून दिला. मी पहिलं पान उलटलं. खाली हिरव्या शाईत अप्पांची सही. दुसऱ्या पानावर सही. तिसऱ्यावर, चौथ्यावर.

"अप्पा, हे काय? तुम्ही सही केली होती?"

"केलतो की. नाव बदला म्हनले, बदला. सिनेमाची चाल लावा म्हनले, लावा. सात वरसं गाऊ नका म्हनले, न्हाई गात. समदं कबूल. एक ओळ तेवढी ठिवा म्हनलं."

"कुठली ओळ?"

अप्पांनी पेटी उघडली नाही. बोलल्यासारखीच म्हटली. "ऐक भानुदासा, चूक माझी व्हती, दार उघडं हाय."

भानुदास म्हणजे अप्पांचा एकुलता एक मुलगा. नऊ वर्षांपूर्वी पुण्याला बांधकामावर गेला तो गेला. बापलेकात काही बिनसलं होतं, एवढंच गावाला ठाऊक. अप्पांपुढं त्याचं नाव कुणी काढत नाही.

"माझी कॅसेट लई झालं तर उदगीरला जाती," अप्पा म्हणाले. "साहेबाची पुण्याच्या हरेक हाटेलात. पोरगं कुठंतर चहा प्यायला बसतच असंल की. पर साहेब म्हनले, गिऱ्हाइकाला काय करायचंय तुमच्या भानुदासाचं? ती ओळ काढा. मी म्हनलं, समदं काढा, ती ऱ्हाऊ द्या. न्हाई ऐकले. मग करार घिऊन काय करू?"

"झालं काय होतं, अप्पा?"

"बेसूर गायला म्हनून चारचौघांत मारलं त्याला." अप्पांनी पेटीवरची धूळ पुसली. "बेसूर व्हता, ते खरं हाय. पर मारायचं काय व्हतं?"

"हे मला आधी का नाही सांगितलं? मी सभा घेतली, हार घातला..."

"तू लई खुशीत व्हतास रे," अप्पा म्हणाले.

ते पत्रक मी मागं घेत नाही. करार वाईटच होता आणि आजही मी तेच म्हणेन. पण छापलेला कागद अप्पांच्या सायकलीपेक्षा लांब जातो, आणि तो आता तुमच्या हातात आहे, म्हणून एक मागणं. पुण्याकडं तुमच्या घराजवळ इमारत उठत असेल, तर घटकाभर थांबा आणि विचारा, संतपूरचा भानुदास इथं आहे का? तिशीचा, उंच, डाव्या भुवईत खोक, काम करताना गुणगुणत असतो. सापडला तर त्याला सांगा की चूक बापाची होती, असं बाप स्वतः म्हणतो. दार उघडं आहे. तो बहुतेक म्हणेल, तो भानुदास मी नव्हे. तरी सांगा.