सहा डोकी, एक छत्री

"माणूस हरवतो तो वाटेच्या चुकीने नव्हे, गाईडच्या चुकीने! आणि माझ्या हाताखाली आजवर एकही माणूस हरवलेला नाही!"

हे उद्गार राजाभाऊ गर्गे यांनी कुवेतमधल्या सालमियातल्या आपल्या इमारतीत, सोफ्यावर ऐसपैस मांडी घालून, छातीवर हात ठेवून काढले. पाठोपाठ चहा आला. चहा शामलाने आणला. तेव्हा कुठे राजाभाऊंच्या लक्षात आलं की हा सोफा आपला नव्हे. शामला तिसऱ्या मजल्यावर राहायची. राजाभाऊ चौथ्यावर. गेली चौदा वर्षं.

"साखर अर्धाच चमचा घातलीय," शामला म्हणाली. ती सरकारी इस्पितळात नर्स होती, त्यामुळे भलत्याच दारातून आत आलेल्या माणसांची तिला सवय होती. "पिऊन घ्या आणि मग वर जा. वहिनी वाट बघत असतील."

"मी मुद्दामच आलो होतो," राजाभाऊ म्हणाले. "फैलकाच्या टूरबद्दल सांगायला!"

आता ही टूरची भानगड काय, ते सांगायला हवं. आदल्या वर्षी, म्हणजे २००३ च्या ईदच्या सुट्टीत, राजाभाऊ सपत्नीक सायप्रसला जाऊन आले होते. तिथे त्यांनी एक दिवसाची गाईडेड टूर घेतली. छोटी बस, आठच प्रवासी आणि हातात पिवळी छत्री उंच धरलेली एक गाईडबाई. तिने त्यांना समुद्रकाठचं जुनं देऊळ दाखवलं, डोंगरातलं गाव दाखवलं, एका म्हातारीच्या अंगणात कढईत शिजणारं चीज दाखवलं. राजाभाऊंनी मात्र दिवसभर छत्रीच पाहिली. एक छत्री वर होते आणि आठ माणसं निमूट चालू लागतात! पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये बावीस वर्षं शिफ्ट सुपरिंटेंडेंट म्हणून काढूनही त्यांचं कोणी इतकं ऐकलं नव्हतं. तेव्हापासून घरात नळ गळला तरी राजाभाऊ म्हणायचे, "सायप्रसला असं होत नाही!"

एरवी हे वेड घरातच जिरलं असतं. पण मध्ये मुक्ताचं लग्न आलं.

मुक्ता त्यांची एकुलती एक मुलगी. सत्तावीस वर्षांची, दातांची डॉक्टर, कुवेतमध्ये वाढलेली. बापाने मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी. तिला पाहायला तोवर तीन मुलगे येऊन गेले होते. पहिल्याला राजाभाऊंनी गंधक कसं वेगळं काढतात ते दीड तास समजावलं. तो पुढच्याच महिन्यात बदली मागून अबुधाबीला गेला. दुसऱ्याला त्यांनी व्हॉल्व्हचं चित्र काढायला लावलं आणि ते तपासून दिलं. तिसऱ्याच्या हातात तर आग विझवायचं नळकांडं देऊन "चालवून दाखव" म्हणाले. त्या बिचाऱ्याने दाखवलं. पोहे पांढरेशुभ्र झाले!

चौथं स्थळ शामलाने आणलं. परीक्षित, मूळचा पुण्याचा, तेल कंपनीत इंजिनिअर. त्याचे आईवडील, प्रेमाताई आणि बाळासाहेब, व्हिजिटवर आले होते आणि रविवारी परत जाणार होते. जे काही ठरायचं ते या शुक्रवारीच.

"बाबा, नो पोहे! नो सोफा!" मुक्ताने बजावलं. "आय वॉन्ट वन अवर विथ हिम. जस्ट टॉकिंग. दॅट्स ऑल."

"मोकळ्या हवेत?"

"येस!"

"बेटावर चालेल?" राजाभाऊंचे डोळे चमकले. "आपल्याकडे फैलका आहे! दोन हजार वर्षांपूर्वी तिथे ग्रीक राहून गेलेत. सायप्रसचंच धाकटं भावंड. सहा पाहुणे, एक गाईड!"

"गाईड कोण?" सुचित्राबाईंनी विचारलं. उत्तर ठाऊक होतं, तरी माणूस आशेवर जगतो. राजाभाऊंनी नुसती मान झुकवली.

"अहो, एक ऐका. त्या दोघांना तासभर एकटं बोलू द्यायचं. आणि तुम्ही लांब राहायचं."

"सुचित्रा, गाईडेड टूरमध्ये कोणी एकटं नसतं. म्हणून तर तिला गाईडेड म्हणतात!"

शुक्रवारी सकाळी सालमियाच्या धक्क्यावर राजाभाऊ अवतरले तेव्हा प्रेमाताईंना वाटलं, बंदराचा कोणी अधिकारी आला. अंगात प्लांटवरचं झगझगीत नारिंगी जाकीट, डोळ्यांवर सेफ्टी गॉगल, गळ्यात शिट्टी आणि हातात काळी छत्री. तिच्या टोकाला धोक्याच्या जागी लावतात तसली लाल-पांढरी पट्टी फडफडत होती.

"प्रत्येकाचा नंबर लक्षात ठेवा. सुचित्रा एक, प्रेमाताई दोन, बाळासाहेब तीन—"

"मी आमच्या सोसायटीचा चेअरमन होतो हो अकरा वर्षं," बाळासाहेब म्हणाले.

"इथे तीन नंबर. शामला चार, परीक्षित पाच, मुक्ता सहा. सगळ्यांची परतीची तिकिटं माझ्या पाऊचमध्ये. छत्रीकडे लक्ष ठेवा, बाकी चिंता माझ्यावर सोडा!"

मुक्ता समुद्राकडे बघत राहिली. समुद्र खोल होता का, याचा ती अंदाज घेत असावी.

फेरीबोटीने बेटावर उतरवलं आणि राजाभाऊंच्या वाणीला भरती आली. प्रेमाताईंसाठी मराठीत, मुक्तासाठी इंग्रजीत आणि सराव राहावा म्हणून हिंदीत, असं प्रत्येक वाक्य ते तीनदा बोलत होते. नव्वदच्या इराकी लढाईत मोडलेल्या घरांवरून, गोळ्यांनी चाळण झालेल्या भिंतींवरून मंडळी ग्रीकांच्या किल्ल्यापाशी आली. किल्ला म्हणजे गुडघाभर उंचीचे दगड.

"ही त्यांची कंट्रोल रूम," एका कोपऱ्याकडे छत्री रोखून राजाभाऊ म्हणाले. "आणि हे असेंब्ली पॉइंट."

"इथे सिकंदर आला होता का हो?" प्रेमाताईंनी कौतुकाने विचारलं.

"स्वतः नाही. त्याची माणसं. सिकंदराकडे गाईड नव्हता, म्हणून तर तो घरी पोचला नाही!"

इकडे परीक्षित आणि मुक्ता जरा मागे रेंगाळले. "तुम्हाला वाचायला—" परीक्षितने सुरुवात केली.

फुर्रर्र! "पाच नंबर, सहा नंबर! पुढे या!"

देवळाच्या चौथऱ्यापाशी त्याने पुन्हा धीर केला. "मी विचारत होतो, तुम्हाला वाचायला—"

फुर्रर्र!

उंटांच्या कुंपणाजवळ तिसऱ्यांदा. या खेपेला तो "तुम्हाला" इथवरच पोचला. अडीच तासांत त्या मुलाचं एकही वाक्य क्रियापदापर्यंत गेलं नाही. सुचित्राबाई नवऱ्याकडे अशा बघत होत्या की साधा माणूस असता तर जागीच भाजून निघाला असता. पण राजाभाऊंना गॉगल होता.

"चौथापण गेला हो वहिनी," शामला कुजबुजली.

आणि तेवढ्यात तोझ आली! कुवेतमध्ये धुळीच्या वादळाला तोझ म्हणतात. आधी आभाळ पिवळं झालं, मग समोरचा उंट नाहीसा झाला, मग स्वतःचे बूट. सगळ्यांनी ओढण्या, रुमाल, पदर, जे हाती लागेल ते तोंडाला गुंडाळलं. एकटे राजाभाऊ खुलले. बावीस वर्षं ज्या इमर्जन्सीची त्यांनी तालीम घेतली होती, ती अखेर आली होती!

"घाबरू नका! डरिये मत! डोन्ट पॅनिक! सगळ्यांनी माझ्या मागे! अडीचची फेरी पकडायची! कोणी बोलायचं नाही, तोंडात वाळू जाईल! मुँह बंद!"

फुर्रर्र! छत्री वर झाली आणि राजाभाऊ निघाले. सायप्रसच्या बाईप्रमाणे ताठ, मागे न बघता. वाऱ्याने छत्री उलटी झाली, तिचं फूल झालं, तरी त्यांनी ती खाली घेतली नाही. मागे पावलं वाजत होती. शिस्तीत, ओळीने. एका वळणावर त्यांनी हिंदीतून ओरडून विचारलं, "सब ठीक?"

"जी साब!" मागून दमदार आवाज आला.

बाळासाहेब शेवटी लाईनीवर आले म्हणायचे, राजाभाऊंना मनातून बरं वाटलं.

धक्क्यावर त्यांनी चोख मोजणी केली. गुंडाळलेल्या एकेका डोक्याला छत्रीची दांडी टेकवत. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा! एक कमी नाही, एक जास्त नाही! सातही तिकिटं काढून बोटीवाल्याच्या हातात ठेवली, सहाही डोकी आत लोटली आणि स्वतः सर्वांत शेवटी चढले. फेरी सुटली.

अर्ध्या वाटेवर वादळ ओसरलं. राजाभाऊ समारोपाला उभे राहिले. "मंडळी, आजच्या टूरचं सार एकच. संकटात गाईड ओळखू येतो! आता प्रेमाताईंनी दोन शब्द बोलावेत अशी मी—"

तेवढ्यात खिशातला मोबाईल वाजला.

"अहो, कुठे आहात तुम्ही?" सुचित्राबाईंचा आवाज.

"फेरीवर! अजिबात काळजी करू नकोस. सगळे सुखरूप आहेत. सहाच्या सहा!"

"सहा?" सुचित्राबाईंनी विचारलं. "मग मी कोण बोलतेय?"

राजाभाऊंनी सावकाश मान वळवली. समोर बसलेल्या प्रेमाताईंनी तोंडावरचं कापड सोडलं. आतून हातभर दाढी बाहेर आली.

"अल्लाह आपको सलामत रखे, साब!" दाढी म्हणाली. "आप ना होते तो हम उधरीच रह जाते!"

"आप... कौन?"

"हमीद. राई इलाके में गोदाम पे हूँ. ये मेरी बीवी असमा, ये सास-ससुर, ये दोनों सालियाँ." एकामागून एक पाच चेहरे उघडले. एकही ओळखीचा नव्हता. "आप फेरी कंपनी के आदमी हैं ना?"

"नहीं! मैं गाईड हूँ!"

"अच्छा! किसके?"

वाचकहो, प्रश्न साधा होता. पण राजाभाऊंनी गॉगल काढून पुसायला घेतला.

"मैंने बोली थी ना," असमा नवऱ्याला म्हणाली, "नारंगी जाकीट वाले के पीछे चलो, गलत नहीं होता." मग तिने पर्समधून तिकिटं काढून पुढे केली. "भाईसाब, हमारे छे के छे बच गए. ये आपइच रख लो."

राजाभाऊंनी फोन पुन्हा कानाला लावला. "सुचित्रा! जिथे आहात तिथेच थांबा! हलू नका! मी कोस्ट गार्डला कळवतो! गरज पडली तर हेलिकॉप्टर—"

"कशाला? आम्ही चहाच्या दुकानात मजेत आहोत. वादळ आल्याबरोबर मी सगळ्यांचे हात धरले आणि आत शिरले. तुम्हाला हाका मारल्या. पण तुमची शिट्टी चालू होती."

"आणि पाच नंबर? सहा नंबर?"

"पलीकडच्या टेबलावर. केव्हाचे बोलतायत."

"मग शिट्टी कोण वाजवतंय?"

"कोणी नाही! म्हणून तर बोलतायत!" सुचित्राबाईंचा आवाज एकदम हळवा झाला. "अहो, तो परीक्षित उलटी धरलेली किटली डोक्यावर नाचवत तुमची नक्कल करत होता. मुक्ता हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. आणि काय सांगू, मराठीत बोलतेय हो ती! सलग! मघाशी येऊन म्हणाली, 'आई, मला आवडलाय.' प्रेमाताईंनी तिथल्या तिथे चहावाल्याकडची साखर मागून हातावर ठेवली. बाळासाहेबांचे डोळे भरून आले. म्हणाले, धूळ गेली."

राजाभाऊ मटकन बाकावर बसले. हमीदने पाणी पुढे केलं. दोन घोट पोटात गेले आणि राजाभाऊ पुन्हा राजाभाऊ झाले.

"बघ! म्हणत नव्हतो? हे सगळं टूरमुळे झालं! गाईडने कधी पुढे व्हायचं आणि कधी बाजूला व्हायचं, यालाच तर अनुभव म्हणतात. सायप्रसला त्या बाईने—"

"सायप्रसचं नाव काढू नका. तिथे प्रत्येक थांब्यावर ती बाई छत्री घेऊन मागे पळायची, ती कोणाला शोधायला? आठातले सात बसमध्येच असायचो आम्ही."

"ती बसच लवकर सुटायची."

"बरं."

"मग मी पुढच्या फेरीने परत येतो. एवढ्या आनंदाच्या प्रसंगी तुम्हाला सोबत नको? परतीच्या प्रवासात दीपगृहाची माहिती—"

"नको!!" पलीकडे एकदम पाच-सहा आवाज ओरडले. त्यात एक उंटाचा असावा.

"आम्ही पाचच्या फेरीने येतो," सुचित्राबाई म्हणाल्या. "बाळासाहेबांनी नवीन तिकिटं काढलीसुद्धा. तुम्ही फक्त एक करा."

"बोल!" राजाभाऊ उभे राहिले. उलटलेली छत्री त्यांनी पुन्हा हातात घेतली. "हॉल बघू? भटजी? मंडळाला कळवू? नुसती आज्ञा कर!"

"घरी जा आणि कुकर लावा. व्याही आज आपल्याकडेच जेवतील. तांदूळ मी सकाळीच काढून ठेवलेत, माणसं मोजायच्या फंदात पडू नका. मोजायची एवढीच हौस असेल तर शिट्ट्या मोजा. तीन."

"बस? एवढंच?"

"एवढंच. आणि अहो..."

"काय?"

"कुकर चौथ्या मजल्यावर लावा."