शिंगं बांधून वैद्याकडे

एका जंगलात (तुमच्या शाळेमागचं नव्हे, तिथे आता पार्किंग आहे) सगुणाबाई नावाची सांबरीण राहायची. मुलांनो, सांबर म्हणजे मोठं हरीण. इडलीबरोबर येतं ते सांबार, ते वेगळं. हसू नका. गोष्ट गंभीर आहे.

सगुणाबाईला दम लागायला लागला. जरा चाललं की धाप. पाय सुजलेले. झोपताना मान खाली टेकवली की जीव घुसमटायचा, म्हणून बिचारी झाडाला टेकून बसल्या बसल्याच झोपायची.

उन्हाळा तोंडावर आला होता. खालचा ओढा आटला की पाणी फक्त टेकडीवरच्या झऱ्याला. जो चढेल तो जगेल. तिचं पाडस अजून अंगावर पीत होतं. आपल्याला चढवलं नाही तर त्याचं काय, याचाच तिला घोर लागला होता.

शेवटी नवऱ्याला, म्हणजे सर्जेरावांना घेऊन ती वैद्यराज करकोच्यांकडे गेली. वैद्यराज एका पायावर उभे राहत आणि डोळे मिटून घेत. त्यामुळे ते फार विद्वान दिसत.

"काय होतंय?" वैद्यराजांनी सर्जेरावांना विचारलं.

"मला कुठे काय? हिला होतंय. म्हणजे हिलाही तसं काही नाही. हल्ली पाला आणायला उशीर करते, एवढंच."

त्या जंगलाच्या वैद्यकात नर आणि मादी यांत एकच फरक होता. नराची नाडी उजव्या पायाची बघायची, मादीची डाव्या. बाकीचं शास्त्र सिंहांनी सिंहांसाठी लिहिलेलं होतं. हृदयविकाराच्या पाठात एक रंगीत चित्र होतं. छातीवर पंजा दाबून कोसळणारा सिंह.

"छातीत कळ येते?"

"नाही हो. दम लागतो."

"डरकाळी फुटते?"

"मला कुठली डरकाळी?"

"धप्पकन पडलात?"

"पडून कसं चालेल? घरात लहान आहे."

वैद्यराजांनी तिच्या छातीला कान लावला. "हृदय झकास रक्त फेकतंय! हा ताण आहे, बाई. विचार कमी करा. भजनाला जात जा."

सगुणाबाई भजनाला गेली. पहिल्याच अभंगात तिला अशी धाप लागली की मंडळाने तिला चपला राखायला बाहेर बसवलं. तिथे बसून ती खूप रडली.

तिची शेजारीण साळूताई होती साळिंदर. काटे अंगावर होतेच, जिभेवर त्याहून जास्त. ती म्हणाली, "रडतेस काय? तो करकोचा तुला बघतच नाही. तो शिंगं बघतो."

आता सांबराची शिंगं गळतात आणि नवी येतात. सर्जेरावांनी आपली जुनी शिंगं शोभेसाठी दारात मांडून ठेवली होती. साळूताईने ती उचलली आणि वेलीने सगुणाबाईच्या डोक्यावर करकचून बांधली. "उजवा पाय पुढे कर. आणि आवाज घोगरा काढ. सर्दी झाल्यासारखा."

"या, या साहेब!" वैद्यराजांनी चक्क दुसराही पाय खाली टेकवला. "दम लागतो? पाय सुजलेत? अहो, हे आधी का नाही आलात दाखवायला? पुरुषमंडळी नेहमी अशीच, दुखणं अंगावर काढतात!" मग त्यांनी कान लावला आणि बराच वेळ लावून ठेवला. "रक्त फेकतंय छान, पण हृदय आखडलंय! सैल होत नाही, म्हणून पुरतं भरत नाही. असाही एक विकार असतो. साहेब, वेळेवर आलात."

"आमच्या मिसेसनाही अगदी असंच होतंय," सगुणाबाई घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"त्यांना ताण आहे," वैद्यराज म्हणाले.

त्यांनी आवळ्याएवढी गोळी दिली. ती तगड्या हेल्यांवर आणि रानरेड्यांवर तपासलेली होती. माद्यांवर का नव्हती? तर माद्या मधेच गाभण राहतात आणि अभ्यासाचा विचका होतो. सगुणाबाईने गोळी गिळली आणि गुडघे मोडून खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी. साळूताई घाबरली. दुसऱ्या दिवशी तिने सगुणाबाईला पुन्हा शिंगं बांधली आणि वैद्यराजांकडे नेलं.

"साहेबांची प्रकृती नाजूक दिसते," वैद्यराज हळहळले. "साहेबांसाठी आपण मात्रा अर्धी करू."

अर्ध्या मात्रेने गुण आला. सूज उतरली. ओढा आटला त्या दिवशी सगुणाबाई पाडसाला पुढे घालून टेकडी चढली. वरचं पाणी पिताना तिला इतका आनंद झाला की ती मोठ्याने हसत सुटली आणि पाणी नाकात गेलं.

बातमी कुजबुजीने जंगलभर पसरली. गळालेलं एक शिंग जमिनीवर उरलं नाही. ज्यांना मिळालं नाही त्यांनी वाळक्या फांद्या बांधल्या. एका हत्तिणीने तर बाभळीचं अख्खं झाड बांधलं. वैद्यराजांच्या दारात घोगऱ्या आवाजांची रांग लागली. सगळ्या बऱ्या होऊन घरी गेल्या.

वैद्यराज मात्र हादरले. धावत राजाकडे गेले.

"महाराज, नरांवर हृदयविकाराची साथ आली आहे! इतके नर या जंगलात आहेत हेच मला माहीत नव्हतं! आणि निसर्गाची किमया बघा, या उन्हाळ्यात एकही मादी आजारी पडली नाही!"

राजाने लगेच दवंडी पिटवली. नरांनी सावलीत पडून राहावं. माद्यांची हृदयं दणकट आहेत, तेव्हा टेकडीवरून पाणी त्यांनीच आणावं.

सर्जेरावांनी छातीला ओला पाला बांधून घेतला आणि लोळत हाक मारली, "अगं, आमच्यावर काय वेळ आलीये बघतेस ना? जरा लवकर ये वर जाऊन."

तात्पर्य: आरोग्यं धनसंपदा वगैरे सगळं ठीक आहे. पण मुलांनो, ज्या जंगलात बायका कधीच आजारी पडत नाहीत, त्या जंगलात गेलात तर आधी शिंगांचा भाव विचारा.