कितवा नंबर?

काकतीच्या आमच्या शिवारात यंदा बांधावरून सरळ कुणी जाऊ शकत नव्हतं. मध्ये शेजारचे आप्पा उभे असायचे. एका हातात भाताचं पान, दुसऱ्या हातात प्लास्टिकची पट्टी. पट्टीवर फिक्यापासून गडदपर्यंत चार हिरवे रंग, दोन ते पाच नंबर घातलेले. पान पट्टीवर धरून आप्पा दरडावत, "सांग, कितवा नंबर?"

पान फिकं म्हणजे पीक उपाशी, युरिया द्यायचा. गडद म्हणजे पोट भरलंय, हात आखडायचा. एवढीच गोष्ट. पण आप्पांनी तिची परीक्षा करून टाकली होती. उद्यमबागेतल्या कारखान्यांतून पाळी संपवून येणारी माणसं लांबच्या वाटेने घरी जाऊ लागली. लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या पाहुण्यांनाही त्यांनी चिखलात उतरवलं. "उन्हात बघू नगा! सूर्याकडं पाठ करा, पानावर सावली पाडा!" पाहुणे घाबरून "चार" म्हणाले. आप्पा म्हणाले, "हं."

निकाल ते कधीच सांगत नसत. बरोबर नाही, चूक नाही. नुसतं "हं."

मी यादीने चालणारी बाई. कपाटाच्या दारावर कागद चिकटवलेला : लावणीनंतर एकविसावा दिवस, युरिया. आप्पांनी तो पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"वैनी, भाताला कागद वाचता येतोय व्हय? भूक नसताना वाढलं की करपा येतोय."

करपा म्हणताना त्यांचा आवाज खाली जाई, जणू तो बांधापलीकडे ऐकत बसलाय. "आदी पीक काळंभोर दिसतंय. लोकं वा वा म्हणत्यात. मग पानावर राखी डोळं उमटत्यात. आमचा बासमतीचा आक्खा तुकडा गेलता एका साली. धूर न्हाय, जाळ न्हाय, नुसतं करपलं."

त्या दिवसापासून मलाही कौतुकाची भीती वाटू लागली. कुणी "लई झ्याक हिरवं हाय की भात" म्हटलं, की मी वाकून पानांवर राखी डोळे शोधायची. यादीत युरियापुढे मी प्रश्नचिन्ह घातलं. माझ्या यादीत आजवर प्रश्नचिन्ह नव्हतं. आणि माझ्या रानात करप्याचा संशय आला त्या जागी, बांधालगतच, काठीला लालभडक फडकं बांधून ठेवलं.

श्रावणात एका सकाळी गेले, तर आप्पा युरियाची बादली घेऊन बांधावर बसलेले. रानातलं पाणी काढून टाकलेलं, आभाळ मात्र भरून आलेलं.

"तिघांना इच्यारलं," ते म्हणाले. "येक दोन म्हनतोय, येक तीन, येक चार. पाऊस आला की रान पुन्ना भरतंय. टाकू का नगं?"



"माझ्या रानातलं पान आणून ताडून बघू," मी म्हटलं. "त्या लाल फडक्यापाशी चला."

आप्पा पुढे झाले. फडक्याशेजारून गेले, परत आले, पुन्हा गेले. "कुठं हाय ओ?" फडकं त्यांच्या कोपराला लागत होतं.

 आप्पा पुन्हा बांधावर बसले.

"शेवंता बघायची. मी नुसता टाकायचो. लगीन झाल्यापास्नं. मला लाल-हिरवं येकच दिसतंय, पर तिनं कुनाला सांगितलं न्हाय." शेवंताक्का, त्यांची बायको, याच उन्हाळ्यात गेली. "बासमती करपला, त्या साली ती बाळंतपनाला म्हायेरी निपानीला गेलती. माझ्या अंदाजानं टाकलं."

मी पट्टी घेतली. ढगाआडच्या सूर्याकडे पाठ केली. त्यांच्या रानातली दहा पानं लावून बघितली. सात पानं तीनच्या खाली.

"टाका, आप्पा."

ते उठले. एकदाही मागे न बघता बादलीतला सगळा युरिया रानात फेकून आले.

घरी येऊन यादीत लिहिलं : दर सोमवारी, आप्पांची पानं.

सोमवारी बांधावर चारचौघं होती. आप्पांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली, "वैनी, या, परीक्षा हाय!"

मी पान पट्टीवर धरलं. "चार."

आप्पांनी पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बरोबर," ते म्हणाले.