‘अकरा माणसं, एक न्हाणीघर’विषयी प्राप्त अभिप्राय

एका दूरचित्रवाहिनीच्या प्रेक्षक-अभिप्राय विभागात एक कारकून होता. लोकांनी कळवलेली मतं वाचायची, त्यांची प्रतवारी करायची आणि दर शनिवारी तक्ता वर पाठवायचा, एवढंच त्याचं काम. या पदाला स्वतःचं मत असण्याची अट नव्हती. सहा वर्षं तात्पुरत्या नेमणुकीवर काढल्यामुळे त्याची ती सवयही सुटली होती.

त्या सोमवारी संध्याकाळी आठ वाजता वाहिनीची नवी विनोदी मालिका सुरू व्हायची होती. नाव, ‘अकरा माणसं, एक न्हाणीघर’. त्यातलं अकरावं माणूस म्हणजे कारकुनाकडेच राहणारे त्याचे सासरे. त्यांची हयात कापडाच्या दुकानात कापड मोजण्यात गेली, आणि हौशी नाटकांत त्यांच्या वाट्याला नेहमी एक तर पहारेकरी यायचा नाही तर प्रेत. एकाहत्तराव्या वर्षी त्यांना खालच्या मजल्यावरच्या आजोबांचं काम मिळालं. पहिल्या भागात त्यांना एकच वाक्य होतं, “वर कोण नाचतंय?” लोकांना आवडले तर दुसऱ्या भागापासून दर भागात दोन वाक्यं, असं करारातच लिहिलं होतं. महिनाभर ते वाक्य आठ-आठ प्रकारांनी म्हणून झालं होतं आणि घरातल्यांना ते झोपेतही ऐकू येऊ लागलं होतं.

आठ वाजता सासरे इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर बसले. पडदा निळा झाला. त्यांच्या मुलीने टीव्हीला दोन धपाटे घातले, जावयाने वायरी काढून पुन्हा लावल्या. पडदा निळाच. आठ वाजून तेवीस मिनिटांनी एकदम बातम्या सुरू झाल्या. जावयाचा टीव्ही जुना आहे, हे सासरे बोलले नाहीत; नुसतं टीव्हीकडे आणि मग जावयाकडे बघितलं. कारकुनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी शेजारच्या वहिनींनी जिन्यातच सासऱ्यांना गाठलं आणि काल तुम्हाला बघितलं, छान झालं, म्हणून सांगितलं. काय आवडलं, असं सासऱ्यांनी विचारल्यावर त्या म्हणाल्या, सगळंच. सासऱ्यांचा चेहरा उजळला. पण वर्तमानपत्र उघडलं आणि तो पुन्हा पडला. समीक्षकाने लिहिलं होतं की मालिका खुसखुशीत आहे, मात्र खालच्या मजल्यावरच्या आजोबांचा अभिनय भडक आणि गरजेपेक्षा जास्त आहे. ते पान आदल्या दिवशी दुपारी चारलाच छापायला जातं, हे सासऱ्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं.

कार्यालयात तोवर चार हजार एकशे अठरा अभिप्राय जमले होते. कारकुनाने ते गटवार लावले. ‘हसू आले’, ‘पोट दुखेपर्यंत हसू आले’, ‘सहकुटुंब बघता येते’. पाचशे बारा जणांनी पहिल्याच भागाबद्दल लिहिलं होतं की आता पूर्वीसारखी मजा राहिली नाही. एका गृहस्थांनी कळवलं होतं की आपण गेली नऊ वर्षं टीव्ही बघत नाही, तरीही धाकट्या सुनेचं पात्र पटलं नाही. आणि दोन हजार सहाशे तीन जणांचं एकमुखाने म्हणणं होतं की आजोबा फार भडक आहेत, त्यांना काढावं.

सासऱ्यांनी एवढं केलं तरी काय, हे एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून कारकून तळमजल्यावर प्रक्षेपण-अभियंत्याकडे गेला. अभियंता डबा खात होता. त्याने डाव्या हाताने नोंदवही पुढे सरकवली. तीत लिहिलं होतं, ‘सोमवार. आठ ते आठ तेवीस पडदा निळा. सफाईयंत्र लावण्यासाठी प्लग काढला गेला. बातम्या सुरळीत.’

“म्हणजे मालिका लागलीच नाही?”

“नाही.”

“कुणाच्याच घरी?”

“प्लग एकच आहे,” अभियंता म्हणाला.

कुणाला सांगितलं नाही का, असं कारकुनाने विचारलं. कुणी विचारलं नाही, असं उत्तर आलं. वाहिनीतल्या बाकी सगळ्यांनी त्या संध्याकाळी दुसरी वाहिनी लावली होती. आणि बाहेर ज्याच्या त्याच्या घरी पडदा निळा झाला तेव्हा ज्याला त्याला वाटलं की बिघाड आपल्याच टीव्हीत आहे. सकाळी वर्तमानपत्र मात्र सगळ्यांकडे आलं होतं, आणि चारचौघांत मागे पडायला कुणाला आवडतं? उचलली जीभ लावली टाळ्याला.

कारकुनाच्या छातीवरचं ओझं उतरलं. सासरे भडक नव्हते. सासरे दिसलेच नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतःहून टिपण लिहिलं आणि ते विभागप्रमुख बाईंच्या टेबलावर ठेवलं. बाईंनी ते दोनदा वाचलं.

“मालिका दिसली नाही, असं किती प्रेक्षकांनी कळवलंय?”

“एकानेही नाही, मॅडम.”

“मग हे मत एकट्या तुमचं. चार हजार एकशे अठराविरुद्ध एक. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, इथे तर हजारो मुखं आहेत. तुमचा त्या आजोबांशी काही संबंध?”

“सासरे आहेत.”

“तरीच,” बाई म्हणाल्या आणि टिपणावर ‘हितसंबंध’ असा शेरा मारला.

तरी बाई विचारी होत्या. त्यांनी प्रकरण संचालकांच्या बैठकीत मांडलं. बैठक चाळीस मिनिटं चालली. एवढा उत्तम प्रतिसाद असताना मालिका दाखवण्याचा धोका पत्करावा का, असा मुद्दा निघाला. दाखवली आणि लोकांचं मत बदललं तर जबाबदारी कुणाची? झाकली मूठ सव्वा लाखाची, यावर सर्वांचं एकमत झालं. पुढील भागही सोमवारच्याच पद्धतीने प्रक्षेपित करावेत आणि सफाई आठ वाजताच करावी, असा ठराव झाला. त्याखालचा ठराव असा होता की प्रेक्षकांच्या भावनांचा आदर राखून आजोबांचं पात्र वगळावं.

कारकून धीर करून पुन्हा बाईंकडे गेला. “मॅडम, जी मालिका दाखवायचीच नाही, तिच्यातून त्यांना काढायचं कशाला?”

“लोकांनी सांगितलंय म्हणून,” बाई शांतपणे म्हणाल्या. “आणि हो, तुमची कायम करण्याची फाइल माझ्याकडेच आहे.”

सासऱ्यांना द्यायच्या पत्राचा मसुदा कारकुनालाच करावा लागला. ‘आपला अभिनय प्रेक्षकांच्या पसंतीस न उतरल्याने कळविण्यास खेद होतो.’ ‘खेद’ हा शब्द त्याने जरा ठळक टंकला. त्याच्या अधिकारात तेवढंच होतं. दोघांचा पत्ता एकच असल्यामुळे पत्र कारकुनाच्याच हस्ते पाठवावं, असं आवक-जावक विभागाने ठरवलं.

तो पत्र घेऊन दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी घरी पोचला. बायको दार उघडून बाजूला झाली आणि हलक्या आवाजात म्हणाली, बाबा दुपारपासून जेवले नाहीत. सासरे खुर्चीत बसले होते. त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं.

कारकुनाला राहवलं नाही. नोकरी गेली तर गेली, असं ठरवून त्याने सगळं सांगितलं. प्लग, नोंदवही, निळा पडदा, चार हजार अभिप्राय, ठराव. “बाबा, तुम्हाला कुणी बघितलेलंच नाही. एका माणसानेही नाही. तुमचं काम वाईट झालं, हे कुणाला कळायचा प्रश्नच येत नाही.”

सासऱ्यांनी जावयाच्या पाठीवर हात ठेवला.

“जावईबापू, माझं मन राखायला तुम्ही एवढं खोटं बोललात, हे मी विसरणार नाही. पण चार हजार माणसं काय वेडी आहेत? आणि मी स्वतः बघितला ना तो भाग, परवा परत लागला तेव्हा मित्राकडे, त्याच्या नव्या टीव्हीवर.” त्यांनी नजर जमिनीकडे वळवली. “लोकांचं बरोबर आहे. मी जरा जास्तच केलं.”

एवढ्यात आठ वाजले. बायकोने टीव्ही लावला आणि तिघंही निळ्या पडद्यासमोर बसले. दुसऱ्या दिवशी आजोबांना काढल्याची बातमी वर्तमानपत्रात आली आणि सहा हजार अभिप्राय आले. आजोबांना काढल्यापासून मालिका कितीतरी सुधारली, असं त्यातल्या बहुतेकांचं म्हणणं होतं. कारकून पुढच्या महिन्यात कायम झाला.

ही गोष्टही आता काही जणांच्या हाती पडली आहे आणि तिच्यावरचे अभिप्राय येऊ लागले आहेत. गोष्ट बरी आहे, पण त्यातले सासरे जरा भडक वाटतात, असा एकूण सूर आहे. तुमचं मतही त्यातच धरलं आहे.