दिवाळसणाचा ट्रॅक्टर

शैलेंद्रची नोकरी गेली याचं मेधाला फारसं वाईट वाटलं नाही. तो घरी राहायला लागला, त्याचं मात्र फार वाटलं.

सिंगापूरमधल्या रॅफल्स प्लेसच्या बँकेनं त्याचा अख्खा विभागच बंद केला. केक कापून, पाठीवर थाप मारून, एक फुलझाड हातात देऊन घरी पाठवलं. (फुलझाड आठवड्यात वाळलं. बँकेनं दिलेलंच ते.) कायम राहायचा परवाना, पीआर, होता, मेधाची तांजोंग पगार भागातल्या ऑफिसात नोकरी होती, म्हणजे उपाशी मरायची वेळ नव्हती. पण पंचवीस वर्षं माणसांवर हुकूम चालवलेल्या पुरुषाला एकदम रिकामं बसवलं की तो घरातल्या डब्यांवर हुकूम चालवतो. पहिल्या आठवड्यात त्यानं मसाल्यांचे डबे उंचीप्रमाणे लावले, दुसऱ्या आठवड्यात कुकरच्या शिट्ट्यांवरून मेधाशी वाद घातला. तिसऱ्या आठवड्यात तो दाढी करेनासा झाला. सकाळी उठायचा, सोफ्यावर बसायचा आणि खाली जुरोंग ईस्टच्या स्टेशनात शिरणाऱ्या माणसांकडे बघत राहायचा, दुपार होईपर्यंत.

डब्यांचा राग आला होता, पण त्या न केलेल्या दाढीची मेधाला भीती वाटली.

म्हणून तिनं कॅनडाला लेकीला फोन लावला. अवनीचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. ती आणि जावई क्षितिज गावाबाहेर एक घर घ्यायच्या खटपटीत होते. मेधानं सांगितलं, बाबांना काहीतरी विचार. काहीही विचार, पण असं विचार की त्यांच्याशिवाय तुझं अडलंय.

अवनी सिंगापूरच्या शाळेत वाढलेली, तिला आडवळणं जमत नाहीत. तिनं दुसऱ्याच दिवशी व्हिडिओ कॉल केला. "बाबा, त्या घराला लांब ड्राइव्हवे आहे. हिवाळ्यात बर्फ काढायचा, उन्हाळ्यात थोडी माती सारखी करायची. लोक म्हणतात छोटा ट्रॅक्टर घ्या. आम्हाला नो आयडिया. तुम्ही चूज करा ना, can?"

शैलेंद्र सरळ बसला. चष्मा शोधला. कॉल संपल्यावर उठून दाढी केली.

आता हे खरं की त्या माणसानं जन्मात ट्रॅक्टर चालवला नव्हता, आणि बर्फ पाहिला होता तो फ्रीजमधला. पण असल्या गोष्टींनी पुरुष अडत नाहीत. आठवड्याभरात तो असा बोलायला लागला की ट्रॅक्टरवरच लहानाचा मोठा झाला असावा. कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर म्हणजे शेतातल्या ट्रॅक्टरचं धाकटं भावंड. पुढे माती-बर्फ उचलायची बकेट, मागे जमीन सपाट करायची लोखंडी फळी. पण टायर कुठले? गवताचे घेतले तर बर्फात घसरतात, शेतीचे घेतले तर अंगण उकरतात. केबिन बंद हवी की उघडी चालेल? मेधाला जेवताना, झोपताना, पोळ्या लाटताना हेच ऐकावं लागे. पण तो रोज आठ वाजता इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसत होता, म्हणून ती हूं हूं करत होती.

एकदा ती ऑफिसातून आली तर घरात हुडहुडी भरेल असा एसी लावलेला. शैलेंद्र माकडटोपी आणि हातमोजे घालून जेवणाच्या खुर्चीत बसला होता, एका हातात झारा, दुसऱ्या हातात उलथनं.

"काय चाललंय?"

"रिव्हर्स घेतोय," तो म्हणाला. "थंडीत हातमोज्यांनी लिव्हर पकडता येतात का ते बघायला नको? उघडी केबिन बाद."

जावयाची तर वेगळीच कथा. क्षितिज पुण्याचा, आणि इतका सभ्य की नको असलेली भाजी दुसऱ्यांदा वाढली तरी संपवायचा. सासरेबुवांनी विचारावं, "क्षितिजराव, ड्राइव्हवेचा चढ किती?" आणि त्यानं दोन दिवसांत मोजून कळवावं. गॅरेजच्या दाराची उंची? कळवली. माती चिकण की भुसभुशीत? फोटो पाठवला. शेवटी नेहमीचं वाक्य, "बाकी तुम्ही म्हणाल तसं, बाबा." शैलेंद्र खूश. ऑफिसात इतकं कोणी त्याचं ऐकलं नव्हतं.

आणि मग आषाढातच अवनीचा मेधाला फोन आला. घराचा सौदा फिसकटला होता. कोणीतरी आधी उचललं ते घर. त्यांनी शहरात एका इमारतीत फ्लॅट भाड्यानं घेतला होता. "आई, बाबांना कसं सांगू?"

मेधानं आतल्या खोलीकडे बघितलं. शैलेंद्र कोणा दुकानदाराला फोनवर फैलावर घेत होता. गोल्फ क्लबांना गवत कापायची यंत्रं विकणारा माणूस. त्याला हा विचारत होता की बर्फ उडवायचं यंत्र पुढे लावावं की मागे. तो बिचारा सांगत होता, अंकल, इथे स्नो नाही lah. त्यावर शैलेंद्र म्हणत होता, ते मला माहीत आहे, माझा प्रश्न ऐका. गाल गुळगुळीत होते. आवाज ठणठणीत होता.

"सध्या सांगू नको," मेधा म्हणाली. "दिवाळीला याल तेव्हा बघू."

(बाई शहाणी होती. पण शहाण्या बायकाच असले घोळ करतात. मूर्ख बाईनं सरळ सांगून टाकलं असतं.)

श्रावणातल्या एका शनिवारी मेधाकडे मंडळाच्या बायका जमल्या. मंगळागौरीच्या खेळांची तालीम होती. हॉलमधलं फर्निचर भिंतीला लावलं होतं, साधनावहिनी फुगडीला उभ्या होत्या. शैलेंद्रनं शब्द दिला होता की तो बाल्कनीत गप्प बसेल, दार लावून.

आता झालं असं, की कुठली बकेट किती वजन उचलते हे पत्रकात होतं. पण बर्फ किती जड असतो? इंटरनेट म्हणे ताजा हलका, ओला जड. असल्या मोघम बोलण्यावर हा माणूस विश्वास ठेवील काय? तो सकाळीच बाजारात जाऊन मासेवाल्याकडून थर्माकोलचे खोके भरभरून चुऱ्याचा बर्फ घेऊन आला होता. मासेवाल्यानं पार्टी आहे का विचारलं, तर म्हणाला, अभ्यास आहे. तो बर्फ त्यानं बाल्कनीभर पसरला आणि केराच्या सुपडीनं ढकलून, भरून, वजनकाट्यावर मोजायला लागला.

सिंगापूरच्या उन्हात बर्फ किती टिकणार? बाल्कनीची जाळी बोंबलाच्या शेपट्यांनी तुंबली. पाणी दाराखालून हॉलमध्ये शिरलं, आणि पाण्याआधी वास. ऐन श्रावणात, नेसलेल्या नऊवाऱ्यांमध्ये, पापलेटाचा. साधनावहिनी फुगडीच्या भरात होत्या. त्यांचा पाय पडला त्या ओघळात, आणि त्या बसल्या बसल्याच घसरत थेट टीव्हीखाली जाऊन थांबल्या. पडल्या पडल्याही त्यांनी विचारलं की घरात कोण मासे करतंय, आणि श्रावणात करतंय.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या मिसेस लिम कॉन्डोच्या मॅनेजरला घेऊन वर आल्या. त्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर वरून कोलंबीची सालं पडत होती. मॅनेजरनं बाल्कनी बघितली, सुपडी बघितली, गुडघ्यापर्यंत पँट वर केलेला शैलेंद्र बघितला.

"अंकल, what is this?"

"स्नो," शैलेंद्र म्हणाला. "ओला. फार जड आहे. मोठी बकेट लागणार."

मेधानं मिसेस लिमची माफी मागितली, चादरी धुऊन द्यायचं कबूल केलं, साधनावहिनींच्या कमरेला मलम लावलं, बायकांना खिचडी खाऊ घातली आणि सगळे गेल्यावर हॉल तीनदा पुसला. कुठल्याही ट्रॅक्टरची गरज नाही हे माहीत असलेली त्या घरात ती एकटीच होती. तोंडातून शब्द काढला नाही. शैलेंद्र सोफ्यावर पाय वर घेऊन सांगत होता की आज मोठा प्रश्न सुटला.

दिवाळीला लेक-जावई आले. पहिली दिवाळी, म्हणजे दिवाळसण. पहाटे क्षितिजला पाटावर बसवून तेल लावलं, उटणं लावलं, अंघोळ झाल्यावर मेधानं ओवाळलं. आता सासऱ्यानं जावयाला काय द्यायचं ते द्यायची वेळ. अवनीनं आदल्या दिवशी आईला कबूल केलं होतं की फराळानंतर शांतपणे सांगू. शैलेंद्रनं फराळापर्यंत धीर धरला नाही. तो लॅपटॉप घेऊन आला, पडद्यावर नारिंगी ट्रॅक्टर, कडेला मेधाच्या करंड्यातलं कुंकू.

"क्षितिजराव," तो म्हणाला, "हा तुमचा दिवाळसण. ऑर्डरचा सगळा फॉर्म भरलाय. फक्त डिलिव्हरीचा पत्ता सांगा."

क्षितिजनं अवनीकडे बघितलं. अवनी तबकातल्या सुपारीकडे बघत होती. सासऱ्यानं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणं त्या मुलाला जमतच नव्हतं. त्यानं पत्ता सांगितला. रस्ता, इमारत, फ्लॅट नंबर.

शैलेंद्रची टाइप करणारी बोटं थांबली. "कितवा मजला?"

"नववा, बाबा."

मग अवनीनं सांगितलं सगळं, मराठीत, इंग्रजीत, मध्येच नाक ओढत. घर हातचं गेलं होतं, आषाढातच. शैलेंद्रनं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं की मग तो चढ, ती गॅरेजची उंची?

"ते घर आमच्या ताब्यात कधी आलंच नव्हतं. ऑफिसच्या पार्किंगचं मोजत होतो," क्षितिज म्हणाला. "मातीचा फोटो कुंडीतला होता."

शैलेंद्र मेधाकडे वळला. त्याचा चेहरा उतरला होता. हीच भीती तिला इतके महिने होती.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मंगळागौरीच्या आधीपासून?"

"हो."

"मग तेव्हा बोलली का नाहीस? ते सगळं पाणी पुसत बसलीस."

"पाणी जमिनीवर होतं म्हणून पुसलं," मेधा म्हणाली. "आणि तुम्ही रोज दाढी करत होतात म्हणून बोलले नाही."

त्यानं गालावरून हात फिरवला. लॅपटॉप मिटला. बराच वेळ तो त्या मिटलेल्या झाकणावर बोट फिरवत राहिला. मेधाला वाटलं, संपलं. उद्यापासून पुन्हा तो सोफा आणि ते स्टेशन. तिनं उगीचच निरांजनाची वात सारखी केली.

"नवव्या मजल्यावर बर्फ येत नाही," तो शेवटी म्हणाला. "पण गाडी तर खालीच असेल ना?"

"खालीच असते," क्षितिज म्हणाला.

"तिच्या काचेवरचा बर्फ कशानं काढता?"

"ब्रश आहे, बाबा. गाडीबरोबर फुकट आला होता."

"फुकट आला." शैलेंद्रनं चष्मा पुसला. "म्हणजे कोणी निवडलेला नाही." लॅपटॉप पुन्हा उघडला. ट्रॅक्टर गेला, कोरं पान आलं. "दांड्याची लांबी पाहिजे, काचेची रुंदी पाहिजे. केस ताठ घेतले तर ओरखडे, मऊ घेतले तर बर्फ हलणार नाही. क्षितिजराव, जरा उभे राहा. तुमचा हात खांद्यापासून किती भरतो?"

मेधानं इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला आणि आत जाऊन शिवणाच्या डब्यातली टेप आणून नवऱ्याच्या हातात दिली.

क्षितिज उभा राहिला. हात आडवा धरला. टेप खांद्याला लागली तसं त्यानं लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच सासऱ्यांपुढे स्वतःचं मत मांडलं.

"बाबा," तो अगदी अदबीनं म्हणाला, "यंदा अंगठीच द्या."