चौसष्ट जणांचे कुटुंब हिमालयात नेण्याबाबत

जे आहे ते मोजायला फूटपट्टी पुरते. जे नाही ते मोजायला चारित्र्य लागतं. हिममापन खात्याचं सोलापूर उपकार्यालय या तत्त्वावर उभं होतं. देशात बर्फ सगळीकडे सारखा पडत नसला तरी तो मोजला मात्र सारखाच गेला पाहिजे, असं धोरण होतं. म्हणून सोलापूरलाही एक सिमेंटचा चौथरा, त्यावर एक उभी लाकडी पट्टी (उंची आठ फूट, फुटाफुटाला तांबडी रेघ) आणि पट्टीपाशी एक माणूस नेमलेला होता. माणसाचं नाव सोमलिंग. रोज सकाळी सात वाजता तो पट्टी खालून वर पाहायचा, मग वरून खाली पाहायचा आणि वहीत लिहायचा : निरंक.

अशी अकरा वर्षं. चार हजार सतरा नोंदी. (एक दिवस तो तापानं फणफणला होता. त्या दिवशी सोलापुरात बर्फ पडला की नाही, याबद्दल खात्यात अजून दोन मतं आहेत.) एकाही नोंदीत चूक नाही, खाडाखोड नाही. बर्फ नसताना जो इतकं अचूक मोजतो तो बर्फ असताना काय करून दाखवील, असा विचार वरच्या कचेरीत होणं साहजिकच होतं. तो एप्रिल अठ्ठ्याहत्तरमध्ये झाला.

आदेश : सोमलिंग यांस बढतीवर लाहौल भागातील ठाणे क्रमांक सात येथे नेमण्यात येत आहे. तेथे दरसाल सरासरी अठरा फूट बर्फ पडतो. (पट्टी तिथंही आठ फुटीच आहे. वरचे दहा फूट अनुभवानं लिहायचे.) ऑक्टोबरात खिंड बंद होते ती जूनमध्ये उघडते.

सोमलिंगनं आदेश दोनदा वाचला आणि घरात सांगितलं, "जाईन तर आपण पाची जण जाऊ. न्हायतर मी जात न्हाय."

यामागं कारण होतं. त्याचे वडील रेल्वेत लांब कुठंतरी होते आणि वर्षातून एकदा दुधनीला घरी यायचे. सोमलिंग त्यांना वयाच्या सातव्या वर्षापर्यंत मामा म्हणत होता. वडीलही ओ देत होते. त्याची मुलगी दाक्षायणी आता सात वर्षांची होती, सिदू चार वर्षांचा. आठ महिने बंद राहणाऱ्या खिंडीपलीकडे बसून कुणाचा मामा व्हायची त्याची तयारी नव्हती.

खातं निर्दय नव्हतं. कुटुंब नेण्याची सोय कलम नऊमध्ये होती :

(अ) कुटुंबातील प्रत्येकाकडे शीतसहत्वाचा दाखला हवा.
(आ) दाखल्यासाठी प्रत्येकानं पंधरा दिवस, रोज चार तास, बर्फालगत बसून दाखवावं. तपासनीस हजर असावा.
(इ) कुटुंब अविभाज्य समजण्यात येईल. एक राहिला तर सगळे राहिले.
(ई) रद्द.

दाखला मेअखेर पोचायला हवा होता. मे महिन्यात सोलापूरचा पारा त्रेचाळीसवर होता. डांबरावर चप्पल ठेवली तर ती उचलताना डांबर विचार करत असे. अशा गावात बर्फ एकाच ठिकाणी होता : वीरभद्रप्पांच्या बर्फाच्या कारखान्याच्या गोदामात, लाकडाच्या भुशात, लादीवर लादी.

"बसा की," वीरभद्रप्पा म्हणाले. "बर्फाला तेवढीच सोबत."

पुढील तपशील तपासनीस हिंदुराव यांच्या वहीतून. हिंदुरावांना टॉन्सिलचा त्रास असल्यानं ते गोदामाबाहेर लिंबाच्या झाडाखाली बसून दारातून पाहणी करत.

दिवस पहिला. उपस्थिती पाच. सोमलिंग, पत्नी महादेवी, आई निंगव्वा, मुलं दोन. प्रत्येकाच्या अंगावर दोन सोलापुरी चादरी. अर्ध्या तासानं निंगव्वानं एक चादर काढली, तासाभरानं दुसरी, आणि मुलाला विचारलं, "सोम्या, इतकी वर्सं ही जागा कुटं लपवून ठिवलीतास रं?"

दिवस दुसरा. उपस्थिती सहा. शेजारच्या केराबाई कडक भाकरी आणि शेंगाची चटणी द्यायला आल्या. "टेकते जरा," म्हणाल्या. चार तास टेकल्या.

दिवस तिसरा. अकरा. केराबाईंची बहीण, बहिणीच्या दोन सुना, एक तान्हं मूल. शिवाय भीमा रसवंतीवाला. तो रसात टाकायला बर्फ न्यायला आला होता. बर्फ त्यानं नेला नाही, स्वतःच राहिला.

दिवस पाचवा. चोवीस. दुधनीहून गुरुसिद्धप्पा, सहकुटुंब. महादेवीच्या चुलत आत्याचे ते कोणीतरी लागत. काय लागतात हे त्या दिवशी ठरलं नाही, कारण जेवणं झाल्यावर सगळ्यांचाच डोळा लागला.

दिवस आठवा. एकेचाळीस. बार्शीचं एक वऱ्हाड. लग्न कुंभारीला होतं. (ते त्यांच्याशिवाय लागलं.)

दिवस अकरावा. त्रेसष्ट.

दिवस बारावा. चौसष्ट. पाहणी अधिक जवळून व्हावी या हेतूनं तपासनीस हिंदुराव आत आले.

इथं वाचकाला शंका येईल की सोमलिंगनं एकालाही हटकलं कसं नाही. शंका बाहेरगावची आहे. सोलापुरात माणूस शेजारी येऊन बसला की आपण थोडं सरकतो. तो कोण हे उठून जाताना कळतं, किंवा कळत नाही. महादेवीनं एकदा नवऱ्याच्या कानात विचारलं होतं, "अहो, ते टोपीवाले कोन?"

"तुझ्या माहेरचे न्हवं?"

"मला वाटलं तुमच्या हापिसातले."

टोपीवाल्यांनी दोघांकडे पाहून मान डोलावली. प्रश्न मिटला.

पंधराव्या दिवशी हिंदुरावांनी वही उघडली, सगळ्या गोदामावरून नजर फिरवली आणि कलम नऊप्रमाणे विचारलं, "सोमलिंग, ही सगळी तुमचीच माणसं का?"

चौसष्टांपैकी जे जागे होते ते सोमलिंगकडे पाहू लागले. केराबाईंच्या मांडीवर सिदू झोपला होता. भीमा दाक्षायणीला लादीवर नखानं हत्ती काढून दाखवत होता. अशा वेळी भल्या घरच्या माणसाच्या तोंडून जे निघतं तेच सोमलिंगच्या तोंडून निघालं.

"आपलीच की," तो म्हणाला.

हिंदुरावांनी चौसष्ट नावं लिहिली. शेवटचं स्वतःचं होतं. (उपस्थिती खोटी लिहिणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.)

निकाल उत्तम लागला. चौसष्टच्या चौसष्ट उत्तीर्ण. (कुटुंब अविभाज्य असल्यानं पंधरा दिवसही सगळ्यांचे एकत्र धरले.) वरच्या कचेरीनं कळवलं की काश्मिरी उमेदवारही पंधरा दिवस एका जागी इतक्या समाधानानं बसल्याची नोंद नाही. कुटुंबास परवानगी देण्यात येत आहे. कलम नऊ (इ) कडे लक्ष वेधण्यात येत आहे.

सोमलिंगचं लक्ष वेधलं गेलं. त्यानं नावं कमी करण्याचा अर्ज केला. एकोणसाठ नावं. उत्तर आलं : नाव कमी करण्यासाठी मृत्यूचा दाखला किंवा काडीमोडाचा कागद जोडावा.

तो भीमाकडे गेला. भीमानं सगळं नीट ऐकून घेतलं.

"मालक, मी जिता हाय, अन् तुमच्याशी माजं लगीन बी झालेलं न्हाय. आता मी काय करू, तुमीच सांगा."

मग एकच मार्ग उरला, सगळ्यांना नेणं. सप्टेंबरात महादेवी यादी घेऊन घरोघर फिरली. "चला की हिमालयात. हितं पंधरा दिवस बसलात, तितंबी बसा." ज्यांना पाय ठेवायला जागा देताना तिनं स्वतःचे पाय दुमडून घेतले होते त्यांनी चहा केला, पाट दिला आणि कारणं दिली :

गुरुसिद्धप्पा : तूर उभी आहे.
केराबाई : "बर्फात पाय भिजत्यात बाई."
केराबाईंची बहीण : केराबाई जात असेल तर आपण नाही.
वऱ्हाड : आता लग्न नाही.
भीमा : येतो की, पण तिथं रस कोण पितंय?
हिंदुराव : टॉन्सिल.
टोपीवाले : घर सापडलं नाही.

निंगव्वानं हे सगळं ऐकलं. "मे महिन्यात तर मला समदी अव्वा अव्वा करत हुती," एवढंच ती बोलली.

अठ्ठावीस सप्टेंबर. सोलापूर स्टेशन. ट्रंका सहा, माणसं पाच. गाडी यायच्या आधी तार आली : अपूर्ण कुटुंब अग्राह्य. कर्मचाऱ्याने एकट्याने निघावे. उरलेले एकोणसाठ सदस्य हजर होताच कुटुंब पाठवता येईल. सोमलिंगनं तिथंच, ट्रंकेवर कागद ठेवून, राजीनामा लिहिला. स्टेशनवर पोचवायला आलेल्या हिंदुरावांनी तो वाचून आदरानं परत दिला. राजीनामा नव्या ठाण्यावर हजर झाल्यावरच देता येत असे, आणि तिथून तो खाली येईपर्यंत खिंड बंद होत असे.

"जावा तुमी," महादेवी म्हणाली. "मी गोळा करून आनते सगळ्यांना."

गाडी हलली तेव्हा सिदूनं हात हलवला. डब्याच्या खिडक्यांतून पुष्कळ हात हलत होते, त्यामुळे त्यानं सगळ्यांनाच हलवला.

ठाणे क्रमांक सातकडून या हिवाळ्यात बिनतारी संदेशानं आलेल्या नोंदी अचूक आहेत. (जानेवारीत पट्टी दिसेनाशी झाली. त्या महिन्याच्या रकान्यासाठी फक्त पाच नावं आली. खुलासा मागवला आहे.)

मार्च एकोणऐंशीअखेर महादेवीनं एकोणसाठपैकी एकवीस जणांना तयार केलं आहे. केराबाईंनी लोकरीचे मोजे विणायला घेतले. भीमा म्हणाला, रस नाही तर नाही, काढा विकीन. अडतीस जण मात्र सापडत नाहीत. खात्यानं त्यांचा शोध चालवला असून वर्णन उपलब्ध आहे ते असं : माणसं चांगल्या घरची आहेत. गार जागा दिसली की बसतात, जागा कुणाची हे विचारत नाहीत आणि उठताना मागं वळून पाहत नाहीत. त्यांतली बरीचशी साक्षर असावीत. दुपारच्या वेळी ती पंख्याखाली आडवी होऊन काहीतरी हलकंफुलकं वाचतात, वाचता वाचता सोमलिंगबद्दल दोन क्षण हळहळतात आणि उशी उलटून गार बाजूवर डोकं ठेवतात.