साळवे मॅडमचा मोबाईल नंबर

दुकानात बिल करताना काउंटरवरची मुलगी विचारते, "मॅम, मोबाईल नंबर?" तुम्ही-आम्ही मुकाट्यानं सांगून मोकळे होतो. आमच्या साळवे मॅडम शांतपणे म्हणतात, "पहले आप अपना बताइए." मुलगी गोंधळते, मॅनेजरला हाक मारते. मागे रांग वाढत जाते. मॅडम पिशवी काउंटरवर ठेवून उभ्याच. शेवटी मॅनेजर स्वतःचाच नंबर टाकून बिल काढतो. मॅडमच्या साबणावरचे सगळे पॉइंट आजवर त्या भल्या माणसाच्या नावावर जमले असणार.

साळवे मॅडम म्हणजे दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयाच्या मानद चिटणीस. माहेर-सासर दोन्ही नगरकडचं, पण उभी हयात दिल्लीत गेली, तीही सरकारी कचेरीच्या खरेदी विभागात. मी त्या वाचनालयात काम करतो. माझं गाव नांदेडकडे. नववीत शाळा सुटली आणि फिरत फिरत इथवर आलो, तेव्हा या शहरात माझं म्हणावं असं कुणी नव्हतं. मंडळानं पुस्तकं झाडायला ठेवून घेतलं, हॉलच्या मागची खोली राहायला दिली. पुढं कार्डं लिहायलाही मीच लागलो. हे उपकार मी विसरत नाही. आणि ते एक दिवस परत मागून घेतले तर काय, हेही विसरू शकत नाही.

गेल्या वर्षी सभेत तेच झालं. आमचे अध्यक्ष देसाई साहेब गुडगावला मोठ्या हुद्द्यावर आहेत. ते म्हणाले, "कार्डं-बिर्डं बंद करूया यार. सॉफ्टवेअर आणू. कॉम्प्युटरवाला आठवड्यातून दोनदा येईल, झालं." 'झालं' म्हणताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. माणूस मनानं चांगला, म्हणूनच पाहिलं नाही. मी चहाचे कप उचलत होतो, त्यातला एक हातात तसाच राहिला. कॉम्प्युटरवाला आला की माझं काम गेलं, आणि कामाबरोबर खोली.

मॅडम म्हणाल्या, "आणा की. पण तीन कंपन्यांचे भाव समोर आल्याशिवाय खरेदी नाही."

ते काम त्यांच्याकडंच आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर पहिल्या कंपनीचं पान उघडलं. फोटो छान, हसरी माणसं, गुणांची लांबलचक यादी. किंमत कुठं नाही. 'किंमत जाणून घ्या' असं एक बटण होतं, ते दाबलं तर फॉर्म आला. नाव, मोबाईल, ईमेल, हुद्दा, संस्थेत किती कर्मचारी.

"दीड," मॅडम म्हणाल्या. "एक तू, अर्धी झाडूवाली. पण यांना कशाला सांगू? दिगंबर, खाली तो भाजीवाला बसतो. टिंडे कैसे दिए म्हटलं तर काय सांगतो? साठ रुपये. त्यानं कधी विचारलं, घरात खाणारे किती? भाव आधी, नाव मागून!"

दुसरी कंपनी तशीच, तिसरी तशीच. देसाई साहेबांनी फोनवरून सुचवलं, "मॅडम, काहीतरी खोटं लिहा ना. सगळेच लिहितात." मॅडमनी मला मोठ्यानं ऐकवलं, "म्हणजे मी खोटं लिहायचं आणि खाली सही करायची?" फॉर्मवर सही नसते हे सांगायची माझी छाती झाली नाही.

मग त्यांनी तिन्ही कंपन्यांना रजिस्टर पोस्टानं पत्रं धाडली. 'कृपया भाव कळवावा.' दोघींनी काहीच कळवलं नाही. तिसरीचं उत्तर आलं, छान जाड कागदावर: आपल्या पत्राबद्दल आभार, कृपया आमच्या वेबसाइटवरचा फॉर्म भरावा.

"दुकानात जाऊनच विचारू," म्हणून आम्ही दोघं मेट्रोनं पार नोएडापर्यंत गेलो. काचेची इमारत. दारावरचा गार्ड म्हणाला, "नाम, नंबर, और इधर कैमरे में देखिए."

"मुझे सिर्फ दाम पूछना है, बेटा."

"दाम ऊपर बताते हैं, आंटी. ऊपर जाने के लिए नाम लगेगा."

मॅडम वळल्या. मी मात्र, खोटं कशाला बोलू, मनात खूश होतो. त्या फॉर्मनं माझी खोली धरून ठेवली होती.

पुढच्या सभेत मॅडमनी तुलनात्मक तक्ता मांडला. रेघा पट्टीनं मारलेल्या, तीन कंपन्या शेजारी शेजारी. किमतीच्या रकान्यात तीनदा एकच नोंद: 'नाव सांगितल्याशिवाय सांगत नाहीत.'

देसाई साहेब हसले नाहीत. "मॅडम, बहुत हो गया. रविवारपर्यंत भाव आले तर ठीक. नाहीतर माझ्या ऑफिसमधला एकजण आहे, तो आणेल पण आणि चालवेल पण."

म्हणजे आता मॅडमचा हट्टच माझ्या मुळावर आला. सांगणार कसं? जिच्या आधारानं उभे आहोत, तिला हट्ट सोडा म्हणायचं?

सोमवारी वाचनालय बंद असतं. तरी मॅडम आल्या, कॉम्प्युटरसमोर बसल्या, फॉर्म उघडला. स्वतःचं नाव टाकलं. मग मोबाईल नंबर, एकेक आकडा, दाढ उपटावी तसा. खाली विचारलं होतं: सॉफ्टवेअर कोण वापरणार? त्यांनी टाकलं: दिगंबर कांबळे, ग्रंथपाल.

"मॅडम, मी ग्रंथपाल? हे खोटं होईल."

"कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे, ते देसाईला माहीत आहे? मला आहे? मग ग्रंथपाल कोण, त्यांचा कॉम्प्युटरवाला?"

तीन कंपन्या, तीन फॉर्म. चहा निवायच्या आत फोन वाजला.

रविवारी तक्ता पुरा झाला होता. किमतीखाली एक नवी ओळ होती: 'वापरणार: दि. कांबळे, ग्रंथपाल. शिकवण्याची जबाबदारी कंपनीची.' देसाई साहेबांनी तक्ता पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, "अच्छा. बिल्कुल." पंधरा दिवस मी एका बोटानं शिकलो. खोली राहिली.

परवा कागदांवर सह्या घ्यायला मॅडमच्या घरी गेलो होतो. त्या कणीक मळत होत्या. बाहेरच्या खोलीत फोन वाजला आणि मॅडम पिठाच्या हातानं धावल्या. एक चप्पल वाटेत सुटली. "हॅलो?... नहीं चाहिए." परत कणकेशी जातात तोवर दुसरा. पुन्हा धावल्या.

मी म्हणालो, "नका उचलू मॅडम. कंपनीवालेच असणार."

"असणारच. पण वाजताना कळतं का?" त्यांनी हात पुसले, सह्या करायला बसल्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझी रूथ घरातून गेली तेव्हाही हाच नंबर होता. अकरा वर्षं झाली. भांडण आमचंच, मायलेकींचं. तिला एवढा एकच पाठ आहे. म्हणून कुणाला देत नव्हते. वाजला की निदान वाटायचं..."

त्यांना मुलगी आहे हे मला तेव्हा कळलं. मी कागद गोळा केले.

हल्ली वाचनालयाच्या वेळात त्यांचा फोन माझ्या टेबलावर असतो. मीच मागून घेतला. दिवसभर वाजतो. मी म्हणतो, "लाइब्रेरियन बोल रहा हूँ, नहीं चाहिए." मॅडमची ताकीद एकच आहे. मराठीतून कुणी बाई बोलली तर काही विचारत बसायचं नाही, फोन घेऊन पळत यायचं.

अजून तरी सगळे हिंदीतच बोलतात. तरीही नाही म्हणण्याआधी मी समोरच्याला एक वाक्य पुरतं बोलू देतो.